त्र्यंबकचा धुंडिराज

मुंबईत गिरगाव नावाची जुनी वस्ती आहे. १९१०-११ च्या सुमारास तेथील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात परदेशांतून आलेले मूकपट दाखवले जात. मूकपट म्हणजे आवाज नसलेला चित्रपट. पडद्यावरची माणसे चालत, हसत, रडत. पण त्यांचे बोलणे ऐकू येत नसे. एके दिवशी चाळिशीचे एक गृहस्थ आपल्या लहान मुलाला घेऊन तेथे गेले. त्या दिवशी जनावरांचा चित्रपट होता. घरी आल्यावर मुलगा सांगू लागला, की समोरच्या कापडावर जिवंत जनावरे पळत होती. घरातल्या कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. जी गोष्ट कधी पाहिलीच नाही, ती खरी कशी मानायची? तेव्हा दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ घरच्या सगळ्यांना बरोबर घेऊन पुन्हा गेले. पण आज जनावरांचा खेळ नव्हता. ख्रिस्ती लोकांचा सण होता. म्हणून येशू ख्रिस्ताच्या, म्हणजे आपण ज्यांना हजरत ईसा म्हणतो त्यांच्या, जीवनावरचा चित्रपट लावला होता.

चित्रगृहातल्या सर्वांनी तो चित्रपट पाहिला. साहेब लोकांना आपल्या धर्माची कथा पाहिल्याचा आनंद झाला. इतरांची करमणूक झाली. खेळ संपला, दिवे लागले, लोक उठून घरी गेले. या गृहस्थांचे मात्र काही वेगळेच झाले. त्यांचे डोळे पडद्यावर ख्रिस्ताला पाहत होते, पण मनाला तेथे श्रीकृष्ण दिसत होता, गोकुळ दिसत होते, राम आणि अयोध्या दिसत होती. आपल्या देशातल्या कथा अशा पडद्यावर कधी दिसतील, या विचाराने त्यांना झोप लागेना. ते पुन्हा त्याच चित्रपटाला गेले. पुढे तर रोजच जाऊ लागले.

त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट त्यांनी तयार केला.

मुलांनो, येथे थोडे थांबून विचार करा. पडदा एक, चित्रपट एक आणि पाहणारे शेकडो. मग हे दृश्य या एकाच माणसाला का दिसले? याचे उत्तर गिरगावात सापडत नाही. त्यासाठी नाशिकजवळच्या त्र्यंबक गावी जावे लागते, आणि तेही आणखी चाळीस वर्षे मागे.

त्र्यंबक नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेले हे लहानसे गाव. गोदावरी याच डोंगरात उगम पावते. पावसाळ्यात धुक्यात डोंगर दिसेनासा होतो आणि कड्यांवरून पाणी कोसळू लागते. गावात त्र्यंबकेश्वराचे दगडी देऊळ आहे. त्यामुळे दूरदूरच्या प्रांतांतले यात्रेकरू येथे बाराही महिने येत असतात. अशा गावात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराजांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. मुलाने आपल्यासारखेच शास्त्री व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे लहानपणापासून त्याच्या कानावर श्लोक पडत होते आणि रात्री देवळात कीर्तन असे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी कीर्तन ऐकले नसेल. मीलादच्या मजलिशीत बोलणारा जसा प्रसंग रंगवून सांगतो, मध्येच नात म्हटली जाते आणि श्रोते भारावून जातात, काहीसे तसेच ते असते. कीर्तनकार उभा राहून राजा हरिश्चंद्राची गोष्ट सांगतो. सत्यासाठी या राजाने राज्य सोडले. बायको तारामती आणि मुलगा रोहिदास यांची विक्री झाली, तो स्वतः स्मशानात चाकरी करू लागला, पण दिलेला शब्द त्याने मोडला नाही. ही गोष्ट श्रोत्यांना पाठ असते. तरीही रोहिदासाला साप चावतो तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येते. गोष्ट माहीत असली तरी माणसे ती पुन्हा पाहायला व ऐकायला येतात, हे धुंडिराजांनी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. देवळाच्या ओसरीवर मांडी घालून बसल्या बसल्या ते त्यांना समजले होते.

मात्र मुलाचा हात पोथीपेक्षा चित्रांकडे अधिक वळत होता. वडिलांना मुंबईच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकला, छायाचित्रण असे जे शिकता आले ते सर्व त्यांनी शिकून घेतले. शास्त्र्याचा मुलगा शास्त्री झाला नाही. पण घरातल्या कथा तो बरोबर घेऊन गेला होता.

शिक्षण संपल्यावर त्यांनी गुजरातमधील गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय सुरू केला. धंद्याचा जम बसू लागला होता, तोच प्लेगची साथ आली. १९०० च्या सुमारास त्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. त्यांनी गोध्रा सोडले आणि ते बडोद्याला परतले. तिथेही छायाचित्रांचा धंदा चालेना. असे सांगतात, की कॅमेऱ्यासमोर बसल्यास तो माणसाची शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो, अशी समजूत तेथे पसरली होती. आज आपल्याला या समजुतीचे हसू येते. मला मात्र त्या लोकांना हसावेसे वाटत नाही. काही वर्षांपासून त्या प्रांतात माणसे पटापट मरत होती आणि ती का मरतात हे कोणाला कळत नव्हते. अशा वेळी तीन पायांवर उभी असलेली काळी पेटी घेऊन कोणी दारात आला, तर त्याची भीती वाटणारच. ज्याने जे सोसले, त्याप्रमाणे तो समोरच्या वस्तूकडे पाहतो.

याचा अनुभव मी दरवर्षी माझ्या वर्गातही घेतो. नाशिकजवळ पांडवलेणी नावाची फार जुनी लेणी आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचे स्मारक आहे. आमच्या शाळेची सहल तेथे जाते. परत आल्यावर मी मुलांना, काय पाहिले ते लिहा, असे सांगतो. एका वर्षी ज्याचे वडील गवंडीकाम करतात, त्या मुलाने पानभर लिहिले, की एवढे मोठे छत मध्ये खांब नसताना कसे उभे राहिले. एका मुलीच्या घरी जरीकाम चालते. तिने दगडात कोरलेल्या वेलबुट्टीचे चित्र काढून आणले. आणखी एकाने लेण्यांविषयी एक ओळही लिहिली नाही. पाणी कोठे मिळाले आणि चढताना किती तहान लागली, एवढेच त्याने लिहिले. तिघेही एकाच बसमधून गेले होते. मी तिघांनाही सारखेच गुण दिले.

आता पुन्हा फाळक्यांकडे वळू. पुढची काही वर्षे ते कुठेच स्थिर झाले नाहीत. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखीचे खेळ शिकले आणि आपल्या नावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. या बाईंचे नाव लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याविषयी बरेच सांगायचे आहे. नंतर फाळक्यांनी सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून नोकरी केली. ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला.

छापखान्याचा हा काळ महत्त्वाचा आहे. राजा रविवर्मा हे त्या काळचे मोठे चित्रकार होते. त्यांनी रंगवलेल्या राम, कृष्ण, सरस्वती, लक्ष्मी यांच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी जात होत्या. त्यांच्या छापखान्यासाठी फाळक्यांनी काम केले. छापखान्यात जो कागद शाई, दगड आणि यंत्र यांतून बाहेर पडतो, तोच कागद चौकटीत बसला की लोक त्याला हार घालतात, हे त्यांनी जवळून पाहिले. चित्र यंत्रावर तयार झाले म्हणून लोकांची श्रद्धा कमी होत नाही. १९०९ साली छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. पुढे भागीदारांशी मतभेद झाले आणि त्यांनी तो चांगला चाललेला धंदा सोडून दिला.

ते गिरगावच्या चित्रगृहात गेले तेव्हा वय चाळीस, घरात मुले आणि हाताला काम नाही, अशी स्थिती होती. लोकांच्या दृष्टीने हा अनेक धंदे करून सोडलेला माणूस होता. पण जरा मोजून पाहा. त्यांना कथा माहीत होत्या. चित्रकला येत होती. कॅमेरा येत होता. रसायने वापरून चित्र उमटवणे येत होते. नाटकाचे पडदे येत होते आणि डोळ्यांना फसवण्याची जादूही येत होती. चित्रपटाला आणखी काय लागते? चाळीस वर्षे वाया गेली असे ज्यांना वाटत होते, त्यांनी कधी चित्रपट कसा तयार होतो हे पाहिले नव्हते. खरे तर फाळक्यांनीही ते अजून पाहिले नव्हते.

म्हणून ते शिकू लागले. फिल्मचे तुकडे मिळवायचे, भिंगातून पाहायचे, रात्री चित्रपट पाहायचे, असा क्रम सुरू झाला. डोळ्यांवर ताण पडून त्यांची दृष्टी अधू झाली. काही काळ तर त्यांना दिसेनासेच झाले होते. वैद्यकीय उपचारांनी दृष्टी परत आली. त्यानंतर आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते बोटीने लंडनला गेले. तेथे चित्रपटविषयक एका साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत नेले. काम कसे चालते ते फाळक्यांनी डोळ्यांत साठवून घेतले. विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा, कोरी फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र अशा वस्तू खरेदी करून ते १ एप्रिलला परत आले.

आता पैसा देणार कोण? हिंदुस्थानात चित्रपट तयार होऊ शकतो, यावर सावकारांचा विश्वास नव्हता. मग त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले. तिच्यासमोर कॅमेरा लावून ठेवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत महिनाभर तेच काम केले. ती फिल्म पडद्यावर चालवली तेव्हा बी फुटले, कोंब वर आला आणि काही क्षणांत वेल डोलू लागली. ज्यांना पुढे काय होऊ शकेल ते दिसत नव्हते, त्यांना त्यांनी ते प्रत्यक्ष दाखवले. पैसे मिळाले. उरलेली गरज सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भागवली.

चित्रपटाचा विषय ठरला राजा हरिश्चंद्र. दादरला बंगल्याच्या आवारात राजवाडा उभा राहिला. पण तारामतीचे काम कोण करणार? त्या काळी घरंदाज बाई नाटकातसुद्धा काम करीत नसे. रंगभूमीवरच्या स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, पण कोणी आले नाही. समाजाने ज्यांना वाळीत टाकले होते, अशा वस्तीतल्या स्त्रियांकडेही ते गेले. त्यांनीही नकार दिला. आता याला काय म्हणावे? सर्वांनी नावे ठेवलेल्या त्या स्त्रियांनासुद्धा कॅमेऱ्यासमोर उभे राहणे कमीपणाचे वाटले. चांगले काय आणि वाईट काय, हे तेव्हा प्रत्येक जण आजूबाजूला पाहूनच ठरवत होता, आणि चित्रपटातले काम कोणीच पाहिलेले नव्हते.

सरस्वतीबाईंनी तारामती व्हावे, असेही फाळक्यांनी सुचवले होते म्हणतात. त्यांनी नाही म्हटले. कारण मग बाकीची कामे कोणी केली असती? साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्याच पाहत. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत. रात्री मुले झोपल्यावर अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला भोके पाडत, रसायने मिसळत, फिल्म धुवून वाळत घालत. तो बंद खोलीचा अंधार आणि त्यातले बोटांचे काम त्यांनी कोणत्याही शाळेत शिकले नव्हते. आपण फाळक्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो. त्याच वेळी या बाईंचे नाव फारसे कोणी घेत नाही, हे मला कधीच बरोबर वाटलेले नाही.

शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात तारामती सापडली. अण्णा साळुंके नावाचा सडपातळ तरुण तेथे स्वयंपाकाचे काम करीत असे. त्याचे नाजूक हात फाळक्यांच्या डोळ्यांत भरले. तेथे त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि तारामती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दाबके यांनी केले आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. होय, जनावरांच्या चित्रपटाची गोष्ट घरी सांगणारा तोच मुलगा.

चित्रपटात काम करतो असे सांगायची सोय नव्हती. म्हणून कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगा, अशी सूचना फाळक्यांनी नटांना दिली होती. कारखान्यात जाणाऱ्या माणसाला मुंबई ओळखत होती.

याच वेळची एक गंमत सांगतात. बाहेरचे चित्रण करण्यासाठी मंडळी वांगणी या गावी गेली होती. फाळके मागून यायचे होते. गावकऱ्यांनी पाहिले, की अनोळखी माणसे तलवारी आणि भाले घेऊन रानात फिरत आहेत. असे लोक कोण असतात हे गावाला ठाऊक होते. दरोडेखोर! पाटलाला वर्दी गेली, फौजदार आला आणि हरिश्चंद्राची सगळी माणसे पकडली गेली. आम्ही चित्रपटाचे लोक आहोत, हे ती परोपरीने सांगत होती. पण चित्रपट म्हणजे काय, हेच गावात कोणाला माहीत नव्हते. फाळके आले, त्यांनी कॅमेरा दाखवला, काम कसे चालते ते समजावून सांगितले, तेव्हा कोठे सुटका झाली.

'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट लांबीचा तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया चित्रगृहात तो निमंत्रितांना दाखवण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी खुला झाला. लोक येतच राहिले. गोष्ट सर्वांना माहीत होती. आणि ती माहीत होती म्हणूनच ते आले.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपला सारा कारखाना नाशिकला आणला. मुंबईपेक्षा खर्च कमी, भोवती नदी, घाट, देवळे, डोंगर आणि स्वतःचा मुलूख. नाशिकच्या गोदाकाठाला अयोध्या करा नाहीतर लंका करा, तो तयार होता. 'मोहिनी भस्मासूर' या त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली. दोघी फिरत्या नाटक मंडळीतल्या होत्या, म्हणून त्यांना लोकांसमोर उभे राहण्याची भीती नव्हती. ग्रँट रोडला जी भिंत फाळक्यांना ओलांडता आली नव्हती, ती या मायलेकींसाठी नव्हतीच.

१९१७ साली 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून हात जोडत. तिकिटांची जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. छापलेल्या चित्राला हार घालणारी माणसे फाळक्यांनी लोणावळ्याला पाहिली होती. तीच माणसे आता पडद्यासमोर बसली होती.

१९१८ मध्ये मुंबईच्या काही भांडवलदारांच्या मदतीने नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' असे गाजलेले चित्रपट तेथे झाले. परंतु फाळके आणि भागीदार यांचे जमेना. भागीदार खर्चाचा हिशेब मागत, आणि मनासारखे दृश्य मिळाल्याशिवाय फाळके थांबत नसत. शेवटी ते सर्व सोडून काशीला निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ साली ते परत आले, त्याच कंपनीत पुन्हा काम करू लागले. पण आता कंपनीत त्यांचा शब्द शेवटचा राहिला नव्हता.

आणि मग १४ मार्च १९३१ हा दिवस उजाडला. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा भारतातील पहिला बोलपट प्रदर्शित झाला. मॅजेस्टिक चित्रगृहही गिरगावातच होते. पडद्यावरची माणसे हिंदुस्थानी भाषेत बोलू लागली, गाऊ लागली. चित्रपटाच्या धंद्यात आता संवाद लिहिणारे मुन्शी, शायर, गायक यांना मागणी आली. त्यांच्यापैकी बरेच पारशी नाटक मंडळ्यांतून आले होते. तुम्ही ज्या भाषेत शिकता, ती भाषा अशा रीतीने चित्रपटात शिरली.

फाळक्यांची सारी कला डोळ्यांची होती. हनुमान आकाशात कसा उडवायचा, साप कसा फणा काढेल, राजवाडा क्षणात कसा नाहीसा होईल, हे त्यांच्याइतके कोणाला येत नव्हते. बोलपटाच्या पहिल्या वर्षांत लोक गाणी ऐकायला येत होते. फाळक्यांचा 'सेतुबंधन' हा मूकपट १९३२ च्या सुमारास तयार झाला. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. त्यानंतर कोल्हापूरच्या कोल्हापूर सिनेटोन या संस्थेसाठी त्यांनी 'गंगावतरण' केला. तो १९३७ साली पडद्यावर आला. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव बोलपट. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते.

स्वर्गातून गंगा पृथ्वीवर कशी उतरली, ही त्याची कथा. ज्या गावात ते जन्मले, तेथे डोंगरावरून पाणी उतरते आणि लोक त्या नदीला दक्षिणगंगा म्हणतात. ब्रह्मगिरीखाली ऐकलेली गोष्ट त्यांनी म्हातारपणी पडद्यावर आणली. पण १९१३ च्या प्रेक्षकाला जे पाहून आश्चर्य वाटत होते, ते आता नेहमीचे झाले होते. त्यांच्या चित्रपटांनी तयार केलेला प्रेक्षकच पुढे गेला होता. 'गंगावतरण'ला अपेक्षेइतके यश मिळाले नाही. काही लोक म्हणतात, की फाळके काळाबरोबर बदलले नाहीत. ते खरे आहे. पण ज्या डोळ्यांनी ख्रिस्ताच्या चित्रात कृष्ण पाहिला, त्या डोळ्यांना कोणी दुसरे काही पाहायला कसे शिकवणार होते?

उरलेली वर्षे ते नाशिकला राहिले. मिळवलेला पैसा चित्रपटातच गेला होता. १९३९ साली मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. ज्या धंद्याची सुरुवात त्यांनी केली, त्या धंद्यात तोपर्यंत शेकडो माणसे पोट भरत होती. नव्या पिढीतल्या पुष्कळांना मात्र ते हयात आहेत हेही माहीत नव्हते.

त्यांच्या मनातून चित्रपट गेला नव्हता. दुसरे महायुद्ध चालू होते. कोरी फिल्म जपून वापरावी लागे, म्हणून चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागत असे. १९४४ च्या जानेवारीत, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. फेब्रुवारीत नकाराचे उत्तर आले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देते.

त्यांनी सुमारे ९५ चित्रपट काढले. त्यांतले फारच थोडे उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'चे काही भाग मिळतात आणि १९१९ च्या 'कालियामर्दन'चा बराचसा भाग मिळतो. त्यात लहानग्या कृष्णाचे काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. गोष्ट सुरू होण्यापूर्वी ती साध्या रूपात पडद्यावर येते. चेहऱ्यावर कधी हसू, कधी राग, कधी रडू असे भाव आणून दाखवते. दोन वर्षांपूर्वी पडद्यासमोर काढून ठेवलेल्या वहाणा तिच्या वडिलांनी पाहिल्या होत्या. ही मुलगी आहे आणि अभिनय करीत आहे, हे लोकांनी आधी पाहून घ्यावे, असे त्यांना वाटले असावे. मग ती कृष्णाच्या वेशात येते आणि नदीत उडी घेते.